विधिशिक्षणातील प्रतिष्ठा, क्रमवारी आणि वकिली पेढ्या : पालघर-बोईसर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

बारावीनंतर किंवा पदवीनंतर कायद्याच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मुंबईलगतच्या जिल्ह्यांत वाढत आहे. महाविद्यालय निवडताना विद्यार्थी व पालक प्रामुख्याने दोन गोष्टी पाहतात : संस्थेचा राष्ट्रीय क्रमांक आणि तेथून मोठ्या वकिली पेढ्यांत मिळणाऱ्या नोकऱ्या. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांची प्रतिष्ठा ऐतिहासिकदृष्ट्या कशी घडली, राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या स्थापनेनंतर ती कशी बदलली, शासकीय क्रमवारी नेमके काय मोजते, वकिली पेढ्यांची प्रतवारी कशी ठरते आणि या दोन्ही व्यवस्था एकमेकींना कशा पोसतात याचे विवेचन केले आहे. घिवली, तारापूर, बोईसर व डहाणू या पट्ट्यातील कायदेविषयक प्रश्नांच्या आधारे, क्रमवारीत न मोजल्या जाणाऱ्या वकिलीचे महत्त्व मांडले आहे आणि मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी काही निकष सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : विधिशिक्षण, प्रतिष्ठा, क्रमवारी, राष्ट्रीय विधी विद्यापीठ, वकिली पेढी, न्यायाची उपलब्धता, पालघर जिल्हा.

१. प्रस्तावना

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये वकील म्हणून नोंदणी करण्यासाठी भारतीय विधिज्ञ परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेची पदवी आवश्यक असते. ही पदवी बंगळुरूच्या नामवंत विद्यापीठाची आहे की तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाची, याबाबत कायदा भेद करीत नाही. सनद एकच, काळा कोट एकच आणि न्यायालयात उभे राहण्याचा अधिकारही एकच. कायद्याने समान मानलेल्या या पदव्यांमध्ये व्यवहारात मात्र मोठी उतरंड निर्माण झाली आहे. पहिले काम, पहिला पगार, उमेदवारीसाठी मिळणारे ज्येष्ठ वकिलांचे कार्यालय, इतकेच नव्हे तर विद्यार्थ्याचा आत्मविश्वासही या उतरंडीवर अवलंबून राहू लागला आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातील ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर घिवली, दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटी अशी मासेमारीवर जगणारी गावे आहेत. बोईसरजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत व अणुऊर्जा केंद्र आहे, तर पूर्वेला वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या जमातींची वस्ती असलेले डोंगराळ तालुके आहेत. २०१३ पासून पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत सुरू झाल्याने बोईसरचा विद्यार्थी थेट चर्चगेटपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे येथील विद्यार्थ्यापुढे स्थानिक महाविद्यालय, मुंबईचे जुने महाविद्यालय आणि परराज्यातील राष्ट्रीय विधी विद्यापीठ असे तीन पर्याय उभे राहतात. या पर्यायांतून निवड करताना त्याला आधार वाटतो तो क्रमवारीचा. म्हणूनच क्रमवारीचा अर्थ उलगडून सांगणे ही आता प्राध्यापकाचीही जबाबदारी ठरते.

२. प्रतिष्ठेचा जुना आधार : मुंबई आणि पुणे

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ मध्ये सुरू झाले; म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपेक्षाही ते दोन वर्षांनी जुने आहे. लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये येथून कायद्याची पदवी घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे अध्यापन केले आणि १९३५ ते १९३८ या काळात ते या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नानी पालखीवाला, भारताचे माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती व उदय लळित हे या संस्थेचे विद्यार्थी. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीने १९२४ मध्ये आय.एल.एस. विधी महाविद्यालय स्थापन केले. पी. बी. गजेंद्रगडकर व यशवंत विष्णू चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश या महाविद्यालयाने दिले.

या जुन्या प्रतिष्ठेचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. ती मुख्यतः माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वावर आणि न्यायालयाच्या सान्निध्यावर उभी होती. चर्चगेटपासून उच्च न्यायालय पायी जाण्याच्या अंतरावर. सकाळी वर्ग आणि उरलेला दिवस एखाद्या वकिलाच्या किंवा सॉलिसिटरच्या कार्यालयात उमेदवारी, हा मुंबईच्या विद्यार्थ्यांचा अनेक पिढ्यांचा क्रम राहिला. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा हे या परंपरेचे खास मुंबईचे वैशिष्ट्य होय. महाविद्यालयातील अध्यापनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शिक्षण महाविद्यालयाबाहेर होत असे. शुल्क अल्प असल्याने सामान्य कुटुंबातील विद्यार्थ्यालाही हा मार्ग खुला होता. तथापि या व्यवस्थेची एक मर्यादाही होती. ज्याच्या घरात वकील आहे, ज्याची कोणाशी ओळख आहे, त्याला उमेदवारी सहज मिळे. घिवलीच्या मच्छीमाराच्या मुलाला महाविद्यालयाचे दार उघडे असले, तरी कार्यालयाचे दार उघडेलच असे नव्हते. जुन्या प्रतिष्ठेचे गुणगान करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

३. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे वळण

विधिशिक्षणाचा दर्जा खालावल्याची चर्चा १९७० नंतर सातत्याने होत होती. कर्नाटक शासनाच्या १९८६ च्या अधिनियमान्वये बंगळुरू येथे नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि एन. आर. माधव मेनन हे तिचे संस्थापक संचालक झाले. बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, निवासी स्वरूप, प्रत्यक्ष खटल्यांवर आधारित अध्यापन आणि मर्यादित प्रवेशसंख्या ही या प्रयोगाची वैशिष्ट्ये होती. पहिली तुकडी १९८८ मध्ये दाखल झाली आणि १९९३ मध्ये बाहेर पडली. १९९१ च्या आर्थिक धोरणामुळे परकीय गुंतवणूक, कंपन्यांचे विलीनीकरण व भांडवल बाजाराशी निगडित कामे नेमकी याच काळात वाढली. करार वाचू व लिहू शकणाऱ्या, उत्तम इंग्रजी असणाऱ्या तरुण वकिलांची मागणी निर्माण झाली आणि ती पुरविणारी संस्था त्याच क्षणी तयार होती. या योगायोगाने बंगळुरूच्या प्रतिष्ठेला जी गती दिली, ती केवळ अध्यापनाच्या गुणवत्तेने मिळाली नसती.

पुढे हैदराबाद, भोपाळ, जोधपूर, कोलकाता, गांधीनगर, रायपूर अशी विद्यापीठे निघाली. प्रत्येकाची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असल्याने विद्यार्थ्यांची होणारी ओढाताण सर्वोच्च न्यायालयासमोर मांडली गेली आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून 'क्लॅट' ही सामाईक परीक्षा सुरू केली. सोय म्हणून आलेल्या या परीक्षेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. विद्यार्थ्याने पसंतीक्रम भरावयाचा आणि गुणवत्तेनुसार जागा वाटल्या जावयाच्या, या पद्धतीमुळे प्रत्येक विद्यापीठाचा शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला हे जाहीर होऊ लागले. हजारो अठरा वर्षांच्या मुलांच्या पसंतीतून विद्यापीठांची उतरंड आपोआप तयार झाली. ही पसंती बहुतांशी आदल्या वर्षीच्या पसंतीवर आधारलेली असते. त्यामुळे जी संस्था आधी स्थापन झाली ती वर राहिली.

महाराष्ट्राने या प्रवाहात तुलनेने उशिरा प्रवेश केला. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ अधिनियम, २०१४ अन्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे विद्यापीठे निर्माण झाली. दुसरीकडे, राज्यातील संलग्न महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी २०१६ पासून राज्यस्तरीय सामाईक परीक्षा घेतली जाते. येथे एक महत्त्वाचा भेद नोंदविला पाहिजे. राज्याची परीक्षा मराठीतूनही देता येते; क्लॅट मात्र इंग्रजीतूनच होते, आणि तिचे अर्जशुल्क अलीकडील वर्षांत सर्वसाधारण उमेदवारासाठी चार हजार रुपये इतके राहिले आहे. त्यावर शिकवणीचा खर्च वेगळा. म्हणजे पालघरमधील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रतिष्ठेची पहिली चाळणी कायद्याच्या आकलनाची नसून भाषा व ऐपत यांची आहे. ही उणीव ओळखूनच शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये वंचित गटांतील विद्यार्थ्यांना विधी विद्यापीठांपर्यंत नेणारा 'आयडिया' हा उपक्रम सुरू केला होता.

४. शासकीय क्रमवारी काय मोजते?

केंद्र शासनाने २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा जाहीर केला. पहिली क्रमवारी २०१६ मध्ये आली. विधी हा स्वतंत्र गट २०१८ पासून समाविष्ट झाला. तेव्हापासून बंगळुरूच्या संस्थेने प्रथम स्थान सोडलेले नाही. या आराखड्यात शंभरपैकी गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे : अध्यापन, अध्ययन व साधनसामग्री ३०, संशोधन व व्यावसायिक कार्य ३०, पदवीधरांची फलनिष्पत्ती २०, सर्वसमावेशकता १०, आणि लोकमत १०.

या निकषांचा बारकाईने विचार केल्यास काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, क्रमवारीत सहभाग ऐच्छिक असून माहिती संस्थेनेच भरावयाची असते. जी संस्था माहिती सादर करीत नाही ती यादीत दिसत नाही. २०१८ च्या पहिल्या दहा संस्थांत मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय नव्हते आणि पुण्याचे आय.एल.एस.ही नव्हते. यावरून या संस्था दहांच्या खाली आहेत असा अर्थ काढणे तर्कदुष्ट ठरेल. यादीत नसणे आणि यादीत खाली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट, संशोधनाच्या ३० गुणांत प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नोंद झालेली प्रकाशने धरली जातात. वनहक्क कायद्यावर मराठीत लिहिलेली, ग्रामसभेच्या हाती पडणारी पुस्तिका या हिशेबात येत नाही. शिवाय विधी महाविद्यालयाचे मुख्य कार्य पदवीपूर्व अध्यापनाचे असताना संशोधनाला अध्यापनाइतकेच वजन देणे हे संलग्न महाविद्यालयांच्या प्रकृतीशी जुळत नाही. ज्या अनुदानित महाविद्यालयांत पूर्णवेळ पदे रिक्त राहतात आणि अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहतात, तेथे पहिल्या दोन्ही निकषांवर गुण कमी पडणे अपरिहार्य असते.

तिसरी गोष्ट, फलनिष्पत्तीत पदवीधरांचे मध्यमान वेतन विचारात घेतले जाते. कंपनी-वकिलीत पहिल्याच महिन्यापासून वेतन सुरू होते. याउलट, पालघर किंवा डहाणूच्या न्यायालयात स्वतंत्र वकिली सुरू करणाऱ्या तरुणाचे उत्पन्न पहिली काही वर्षे तुटपुंजे असते आणि ते वेतन या संज्ञेत बसतही नाही. त्यामुळे जी संस्था न्यायालयांना वकील देते तिला गुण कमी आणि जी पेढ्यांना कर्मचारी देते तिला अधिक, असा कल या मोजमापात शिरतो.

चौथी गोष्ट क्रमांक या कल्पनेशीच निगडित आहे. समजा, तीन संस्थांना अनुक्रमे ६१.२, ६०.९ व ६०.७ गुण मिळाले. हे आकडे कल्पित आहेत. पण यादीत अशा तीन संस्था सातवी, आठवी व नववी म्हणून येतात आणि वाचकाच्या मनात त्यांच्यात पायऱ्यांचे अंतर निर्माण होते. क्रमांक अंतर सांगत नाही, केवळ ओळ सांगतो. पुण्याचे सिम्बायोसिस विधी महाविद्यालय २०२२ मध्ये तिसऱ्या, २०२३ मध्ये सहाव्या व २०२४ मध्ये पाचव्या स्थानावर होते. एका वर्षात तेथील अध्यापन तीन पायऱ्यांनी घसरले व पुढील वर्षी एका पायरीने सुधारले, असे कोणीही म्हणणार नाही. बदल होतो तो आकडेवारीत आणि शेजारच्या संस्थांच्या आकडेवारीत.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे 'यू. एस. न्यूज' या नियतकालिकाने १९८७ मध्ये विधी महाविद्यालयांची क्रमवारी सुरू केली. वेंडी एस्पेलँड व मायकेल सॉडर या समाजशास्त्रज्ञांनी तिचा दीर्घ अभ्यास करून असे दाखविले की, मोजमाप सुरू होताच संस्था स्वतःचे वर्तन मोजमापाला अनुकूल करतात. शिष्यवृत्त्या गरजूंऐवजी प्रवेशपरीक्षेत अधिक गुण मिळविणाऱ्यांकडे वळतात, कारण त्यामुळे सरासरी वाढते. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये येल व हार्वर्ड या अग्रगण्य विधी विद्यालयांनीच या क्रमवारीला माहिती देणे थांबविले. सार्वजनिक सेवेकडे वळणाऱ्या व गरजू विद्यार्थ्यांना पाठबळ देणाऱ्या संस्थांना ही पद्धती मारक ठरते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. अर्थात, पहिल्या क्रमांकावर असलेल्या संस्थेला क्रमवारी नाकारणे परवडते; खालच्या संस्थेला ते परवडत नाही, हेही तितकेच खरे.

५. वकिली पेढ्यांची प्रतवारी

मुंबई हे भारतातील वकिली पेढ्यांचे जुने केंद्र आहे. क्रॉफर्ड बेली (१८३०), लिटल अँड कंपनी (१८५६), वाडिया घांडी (१८८३), मुल्ला अँड मुल्ला (१८९५) आणि अमरचंद मंगलदास (१९१७) ही त्यांतील काही प्रमुख नावे. या पेढ्यांचा लौकिक घराणे, अशील आणि विश्वास या तीन गोष्टींवर उभा होता. १९५६ च्या कंपनी कायद्यातील तरतुदीमुळे एका भागीदारी पेढीत वीसपेक्षा अधिक भागीदार असू शकत नसत; त्यामुळे पेढ्यांचा आकारही मर्यादित राहिला. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने ही अडचण दूर केली आणि पेढ्या झपाट्याने विस्तारल्या. मे २०१५ मध्ये अमरचंद मंगलदास पेढीची विभागणी होऊन मुंबईत सिरिल अमरचंद मंगलदास व दिल्लीत शार्दूल अमरचंद मंगलदास अशा दोन स्वतंत्र पेढ्या झाल्या. त्यानंतर मनुष्यबळाची स्पर्धा आणखी तीव्र झाली.

भारतात वकिलांना जाहिरात करण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ३६ अन्वये बंदी आहे. २००८ मध्ये या नियमात दुरुस्ती होऊन नाव, पत्ता, नोंदणी, अर्हता व कार्यक्षेत्र एवढीच माहिती संकेतस्थळावर देण्यास मुभा मिळाली. स्वतःची प्रशंसा स्वतः करता येत नाही, तेव्हा ती दुसऱ्याकडून व्हावी लागते. ही पोकळी 'चेंबर्स', 'लीगल ५००' यांसारख्या परदेशी सूचींनी भरून काढली. पेढ्यांनी आपल्या वर्षभरातील प्रमुख कामांचा तपशील सादर करावयाचा, अशिलांची नावे संदर्भासाठी द्यावयाची आणि संशोधकांनी त्यांच्याशी बोलून पेढीला श्रेणी द्यावयाची, अशी ही पद्धत आहे. याखेरीज वर्षभरात किती रकमेचे व्यवहार हाताळले यावरून लावले जाणारे तक्ते वेगळेच.

या सूचींना निरुपयोगी म्हणता येणार नाही. परदेशातील गुंतवणूकदाराला मुंबईतील पेढी निवडताना त्यांचा खरा उपयोग होतो. प्रश्न उद्भवतो तो ही प्रतवारी तिच्या क्षेत्राबाहेर लागू केली जाते तेव्हा. विलीनीकरण, बँकिंग, भांडवल बाजार, लवाद, करप्रणाली या शाखांतील श्रेणी म्हणजे वकिलीची सर्वसाधारण श्रेणी नव्हे. तारापूरच्या कारखान्यात हात गमावलेल्या कंत्राटी कामगाराचा भरपाईचा दावा कोण उत्तम चालवतो, हे कोणत्याही सूचीत सापडत नाही. कारण त्या कामगाराकडे संदर्भासाठी दूरध्वनी येत नाही.

परकीय पेढ्यांचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्हच्या याचिकेवर निर्णय देताना परकीय पेढ्यांना भारतात व्यवसाय करण्यास प्रतिबंध केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो मुख्यतः कायम ठेवून तात्पुरत्या भेटींपुरती सवलत दिली. मार्च २०२३ मध्ये विधिज्ञ परिषदेने नियम अधिसूचित करून विदेशी कायद्याच्या व न्यायालयाबाहेरील कामापुरता प्रवेश देण्याची दिशा स्वीकारली आणि २०२५ मध्ये त्या नियमांत सुधारणा केल्या. हा बदल प्रत्यक्षात जसजसा उतरेल तसतशी आंतरराष्ट्रीय सूचींची पकड विधिशिक्षणावरही अधिक घट्ट होण्याची शक्यता आहे.

६. प्रतिष्ठेचे चक्र

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी प्रतिष्ठेला प्रतीकात्मक भांडवल म्हटले आहे. पैशाप्रमाणे ते साठते, वाढते आणि दुसऱ्या रूपात बदलून घेता येते. विधिक्षेत्रात ही प्रक्रिया स्पष्ट दिसते. नामवंत पेढ्या ठरावीक विद्यापीठांत जाऊन भरती करतात. तेथील वेतनाचे आकडे प्रसिद्ध होतात. पुढील वर्षी प्रवेशपरीक्षेतील अग्रस्थानी असलेले विद्यार्थी तीच विद्यापीठे निवडतात. निवडक विद्यार्थी मिळाल्याने निकाल चांगले लागतात, क्रमांक वर जातो आणि पेढ्या पुन्हा तेथेच येतात. या चक्रात अध्यापनाने नेमकी कोणती भर घातली हे वेगळे काढणे कठीण होते. चांगला विद्यार्थी घेणे आणि विद्यार्थी चांगला घडविणे या दोन क्रिया क्रमवारीत एकच होऊन जातात.

या चक्राबाहेरही उत्तुंग कर्तृत्व घडते. अमरावतीत शिकून १९८५ मध्ये वकिलीस प्रारंभ केलेले व नागपूर खंडपीठात घडलेले भूषण गवई मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. अशा एका उदाहरणावरून संस्थेचे महत्त्व शून्य ठरवणे अर्थातच चुकीचे होईल. परंतु चक्र बंदिस्त नाही, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

७. न मोजली जाणारी वकिली : पालघरचा किनारा

कायद्याची गरज कोठे आहे हे पाहावयाचे असेल तर पालघर जिल्ह्यासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्यामुळे खाडी व किनारा दूषित होऊन मासेमारीवर परिणाम होतो, या तक्रारीसाठी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली.

डहाणू तालुक्याचा इतिहास तर पर्यावरण कायद्याच्या पाठ्यपुस्तकातच शोभावा असा आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने या तालुक्यातील उद्योगांवर निर्बंध आले. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी दिलेल्या निर्णयानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषविले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण येथील बंदरास नकार दिला. पंचवीस वर्षांनंतर, ३१ जुलै २०२३ रोजी, त्याच प्राधिकरणाने बंदरास अनुमती दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या अनुमतीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये प्रकल्पाची पायाभरणी झाली. या प्रवासात दोन्ही बाजूंना कायदा जाणणारी माणसे लागली. प्रकल्पाच्या बाजूला ती सहज उपलब्ध होतात. किनाऱ्यावरील गावाच्या बाजूला ती उपलब्ध होतील की नाही, हे आपली विधी महाविद्यालये कोणाला घडवतात यावर अवलंबून असते.

याखेरीज वनहक्क कायदा, २००६ अन्वये ग्रामसभा, उपविभागीय समिती व जिल्हा समिती यांच्यापुढे चालणारे दावे, पेसा क्षेत्रातील ग्रामसभेचे अधिकार, जमीन संपादनाच्या मोबदल्याचे वाद, जामिनाअभावी तुरुंगात राहणारे कच्चे कैदी हे रोजचे विषय आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, औद्योगिक कामगार व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सहाय्याचा अधिकार आहे. हा अधिकार प्रत्यक्षात उतरण्यासाठी तालुक्यात अभ्यासू वकील असावा लागतो. शिवाय जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविली आहे. म्हणजे जी प्रतिष्ठा इंग्रजीत मोजली जाते, तिचा उपयोग या न्यायालयांत मर्यादित होतो; आणि सातबारा वाचता येणे, वारली बोलणाऱ्या अशिलाचे म्हणणे समजून ते नेमक्या मराठीत दाव्यात मांडता येणे, हे जे कौशल्य येथे निर्णायक ठरते, ते कोणत्याच क्रमवारीत नाही.

८. गुणांकनाचा न्यायसंस्थेला आलेला अनुभव

वकिलांची प्रतवारी गुणांनी करण्याचा प्रयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयानेही करून पाहिला आहे. ज्येष्ठ वकील हे पदनाम देताना पारदर्शकता यावी म्हणून इंदिरा जयसिंग यांच्या याचिकेवर २०१७ मध्ये शंभर गुणांची पद्धत ठरविण्यात आली. वकिलीची वर्षे २०, निकाल व विधी सहाय्याचे कार्य ४०, प्रकाशने १५ आणि मुलाखत २५ अशी ती विभागणी होती. २०२३ मध्ये तीत फेरफार करून प्रकाशनांचे गुण पाचवर आणले गेले आणि निकालांचे पन्नासवर नेले. अखेर १३ मे २०२५ च्या निर्णयात न्यायालयाने गुणांवर आधारित पद्धत राबवू नये असे सांगितले. व्यक्तीची योग्यता, प्रामाणिकपणा व न्यायालयातील स्थान आकड्यांत बसविता येत नाही, हा अनुभव आठ वर्षांत आला. एका व्यक्तीबाबत जे अवघड ठरले, ते शेकडो विद्यार्थ्यांच्या संस्थेबाबत सोपे असेल असे मानण्यास आधार नाही. तथापि २०१७ पूर्वीच्या बंद दाराआडच्या निवडीकडे परतणे हाही उपाय नव्हता. गुणांकन अपुरे म्हणून ओळखीपाळखी बरी, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

९. मार्गदर्शक प्राध्यापकांसाठी काही निकष

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना पुढील बाबी तपासणे उपयुक्त ठरेल.

(१) संस्थेला विधिज्ञ परिषदेची चालू मान्यता आहे काय? क्रमांकाआधी हा प्रश्न विचारावा.

(२) पूर्णवेळ प्राध्यापक किती व तासिका तत्त्वावर किती? ही माहिती अनेकदा क्रमांकापेक्षा अधिक बोलकी असते.

(३) सर्वोच्च वेतनाची जाहिरात पाहू नये. मध्यमान वेतन किती आणि तुकडीतील किती जणांना ते मिळाले, हे विचारावे.

(४) पाच वर्षांचा एकूण खर्च, निवास व कर्जाच्या हप्त्यासह, कागदावर मांडावा. मोठे कर्ज घेतलेल्या पदवीधराला तालुका न्यायालयात वकिली करण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. त्याची निवड बँकेने आधीच केलेली असते.

(५) विधी सहाय्य केंद्र कागदावर आहे की प्रत्यक्ष चालते? विद्यार्थी न्यायालयात, कारागृहात, ग्रामसभेत जातात काय?

(६) मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजीचे पद्धतशीर साहाय्य मिळते काय, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्यास मराठी मसुदालेखन शिकविले जाते काय?

नोंदणीच्या टप्प्यावरील आर्थिक अडसर काही अंशी दूर झाला आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. ३० जुलै २०२४ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने राज्य विधिज्ञ परिषदांना कायद्यातील ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यांहून अधिक नोंदणीशुल्क घेण्यास मनाई केली.

१०. समारोप

क्रमवारी ही माहिती आहे, निर्णय नव्हे. तिने संस्थांना स्वतःची आकडेवारी उघड करण्यास भाग पाडले आणि केवळ ऐकीव लौकिकावर चालणाऱ्या व्यवहाराला आव्हान दिले, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. वकिली पेढ्यांनीही गुणवंत तरुणांना ओळखीशिवाय प्रवेशाचा एक मार्ग खुला केला. परंतु या दोन्ही व्यवस्था जे मोजतात ते महानगरातील, इंग्रजीतील आणि पैशाच्या व्यवहारातील वकिलीचे मोजमाप आहे. ज्या जिल्ह्यात अणुऊर्जा केंद्र, रासायनिक कारखाने, बंदर, बुलेट ट्रेन आणि वनहक्काचे दावे एकाच वेळी नांदतात, तेथे या मोजमापाबाहेरील वकिलीची गरज अधिक तीव्र आहे. ज्याला कंपनी-वकिलीत जावयाचे आहे त्याने क्रमांक जरूर पाहावा. ज्याला आपल्या तालुक्यात उभे राहावयाचे आहे त्याच्यासाठी निकष वेगळे आहेत, आणि ते कमी प्रतीचे नाहीत. हा फरक विद्यार्थ्यास प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी समजावून सांगणे, एवढे तरी आपल्या महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे.